डांबर, रबर आणि चाकोरी

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात किंवा चंद्रपुरात रस्ता ओलांडताना चप्पल चिकटलीय कधी? हवा ४५ अंशांवर गेली की काळा रस्ता साठीच्या पुढे तापतो. आपलं नेहमीचं, व्हीजी-३० प्रतीचं डांबर पन्नासच्या आसपासच मऊ पडतं. (खरं तर हे बिटुमेन, खनिज तेलातून निघणारं. डांबर कोळशाचं. पण तोंडात बसलेला शब्द कोण बदलणार!) त्यावरून भरलेला ट्रक सावकाश गेला की थर बाजूला सरकतो आणि बैलगाडीच्या वाटेवर पडते तशी चाकोरी पडते. सिग्नलला, घाटाच्या चढाला, एसटीच्या थांब्यापाशी आधी.

यावर उपाय म्हणून डांबरात एसबीएस नावाचं रबरासारखं पॉलिमर किंवा जुन्या टायरचा चुरा मिसळतात. फरक बघायचा तर प्रयोगशाळेत या. डांबराची दोरी दहा सेंटिमीटर ताणायची, मधोमध कात्रीने कापायची आणि तासभर पाण्यात तशीच ठेवायची. साध्या डांबराचे तुकडे जवळपास होते तिथेच पडून राहतात. पॉलिमरवाले रबरबँडसारखे आखडतात. पॉलिमर डांबरातलं तेल पिऊन फुगतं, आत जाळं विणतं, आणि ताण गेला की हे जाळं थराला मागे खेचतं. म्हणून उन्हाळ्यात चाकोरी कमी पडते, थंडीत भेगा उशिरा येतात. टायरच्या चुऱ्याने डांबर दाट होतं, खडीवर जाड लेप बसतो, त्यामुळे हवा-पाणी आत शिरायला वेळ लागतो.

मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांचा प्लास्टिकचा रस्ता मात्र वेगळा. तिथे टाकाऊ प्लास्टिक आधी गरम खडीवर चढवतात, डांबर नंतर.

आता नखरे ऐका. टायरचा चुरा जड, तो खाली बसतो. एका प्लांटवर मी पाहिलं, टाकीतलं ढवळणं रात्री बंद ठेवलेलं. सकाळी वरचं डांबर पातळ, तळाशी लगदा. त्या दिवशीचा माल मी परत पाठवला, आणि शिव्याही खाल्ल्या. शिवाय हे डांबर साध्यापेक्षा जास्त गरम करावं लागतं. डंपर वाहतुकीत अडकला आणि माल निवला, की रोलर कितीही फिरवा, थर दबत नाही. आत पोकळ्या राहतात, पावसाचं पाणी त्यांत शिरतं आणि खडी सुटते. कोकणात तर साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल, गटार बुजलेलं असेल, तर महागातलं पॉलिमरही पाण्यातच उभं.

तुमच्या रस्त्याची तब्येत बघायला यंत्र नको. पाऊस थांबल्यावर सिग्नलपाशी उभे राहा. पाणी दोन समांतर पट्ट्यांत साचलेलं दिसलं, तर ती चाकोरी. नाणं उभं धरून बघा, किती बुडतं ते. गाड्या थांबलेल्या असतानाच, बरं का.