धोंडा आणि भाकरी

बंधुभगिनींनो, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, सोलापूरच्या या उन्हात, दिवसभराचं काम उरकून तुम्ही आलात. म्हणून बोलणं भुकेपासूनच सुरू करतो.

प्रभू येशू अरण्यात ४० दिवस उपाशी होता. परीक्षक, म्हणजे सैतान, आला आणि म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. आपल्या मराठी शास्त्रात शब्द भाकरी असाच आहे, आणि आपण सोलापूरकरांनी तो वाचताना आपली कडक भाकरी डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही. उपाशी माणसाला उन्हात पडलेला चपटा धोंडा कसा दिसत असेल, ते आपल्याला सांगावं लागत नाही. आता विचार करा, भाकरीत वाईट काय आहे? काहीच नाही. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं मागायला तर प्रभूनेच शिकवलं. म्हणजे पहिला मोह कुठल्या घाणेरड्या गोष्टीचा नव्हता. ज्या गोष्टीसाठी प्रार्थना करायची, तीच पित्याला वगळून मिळवायची, एवढाच तो मोह होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचं पहिलंच वचन घरी गेल्यावर सावकाश वाचा. येशूला देवाच्या आत्म्याने अरण्यात नेलं आणि सैतानाकडून त्याची परीक्षा व्हावी म्हणून नेलं. एकाच वाक्यात दोघेही आहेत. मूळ ग्रीक शब्द पैरास्मोस. मोह आणि परीक्षा या दोन्ही अर्थांना तो एकच शब्द चालतो. मराठीत आणताना कुठे मोह म्हणायचं आणि कुठे परीक्षा, हे भाषांतर करणाऱ्याला ठरवावं लागतं. आपल्या आयुष्यातही प्रसंग एकच असतो. देव त्यात आपल्याला उभं करू पाहतो, सैतान पाडू पाहतो. प्रसंगाकडे नुसतं बघून हे ओळखू येत नाही.

मला तरी आलं नाही. तीस वर्षांपूर्वी मी एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचो. मुलगी दवाखान्यात होती. पगाराच्या दिवशी पाकिटात ४,००० रुपये जास्त आले. चूक मोजणाऱ्याची होती. त्या आठवड्यात मी गुडघे टेकून पैशासाठीच प्रार्थना केली होती, आणि पाकीट हातात घेऊन मी बायकोला म्हणालो, "देवानेच धाडले बघ." ती काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं, "मालकांना माहीत आहे का?" त्या प्रश्नानंतरही अकरा दिवस मी ते पैसे ठेवून घेतले. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो, देवाने मला मोहात घातलं असं कोणी म्हणू नये. मी त्याच्याही पुढे गेलो होतो. मोहालाच मी देवाचं उत्तर म्हटलं होतं. पैसे परत केले तेव्हा मालकांनी ते मोजले, खणात टाकले आणि पुन्हा कामाला लागले. दवाखान्याचं बिल भावाकडून उसने घेऊन भरलं. ते फेडायला मला दीड वर्ष लागलं.

तेव्हा माझं काय कमी पडलं, ते मला मागाकडे बघून कळलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माग चालवला आहे, तुम्ही जाणता. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला आधी खळ लावतात, वाळवतात, मग ते गुंडाळलेलं बीम मागावर चढवतात. बाण्याला, म्हणजे आडव्या सुताला खळ लागत नाही. ताण्याला लागते, कारण ओढ त्याला सोसायची असते, फणीचं घासणं त्याला सोसायचं असतं. आणि माग सुरू झाल्यावर, तार तुटायला लागल्यावर खळ लावायला बसता येत नाही. अरण्यात सैतानाने प्रभूला तीन मोह घातले. प्रभूची तिन्ही उत्तरं बघा. तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे इस्राएलाला अरण्यातल्या ४० वर्षांच्या भुकेबद्दल सांगितलेलं वचन होतं. आपल्या देवाची परीक्षा पाहू नको, हे मस्साबद्दलचं, जिथे तहानलेल्या लोकांनी विचारलं होतं की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही. प्रभूने त्या क्षणी नवं काही शोधलं नाही. नासरेथात, घरात आणि सभास्थानात, वचन सुतात आधीच मुरलं होतं. माझं सूत कोरडं होतं. प्रार्थना मी केली, पण बिल हातात आल्यावर केली.

आणखी एक सांगतो, आणि हे मनापासून मागतो. कुणाच्या घरी पोर गेलं, कुणाचे माग बंद पडले, की आपण भेटायला जातो आणि दारातच म्हणतो, "देव तुमची परीक्षा बघतोय." कृपा करून असं म्हणू नका. परीक्षा हा शब्द ज्याच्यावर गुदरली त्याने, पुष्कळ दिवसांनी, स्वतःच्या तोंडाने म्हणायचा असतो. मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं. तुम्ही डबा घेऊन जा. भाकरी घेऊन जा. भुकेल्या माणसासमोर धोंडा आधीच पडलेला असतो.

आणि परीक्षा मागून घेऊ नका. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने ती मागून घेतली. सर्व सोडून गेले तरी मी जाणार नाही म्हणाला, आणि कोंबडा आरवायच्या आत तीन वेळा प्रभूला नाकारलं. गेथशेमाने बागेत प्रभूने त्याला आणि इतर दोघांना सांगितलं होतं, परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहा, प्रार्थना करा. ते झोपले. प्रभू स्वतः मात्र हा दुःखाचा प्याला टळून जावो असं त्या रात्री पित्याकडे मागत होता. देवाच्या पुत्राला जे मागायला लाज वाटली नाही, ते मागायला आपण का लाजावं?

आता उभे राहू या आणि प्रभूची प्रार्थना म्हणू या. 'आम्हांला परीक्षेत आणू नको' इथे आलो की जरा थांबा. ज्याच्या घरी या आठवड्यात बिल आलं आहे, त्याला ती ओळ आधी म्हणू द्या.