लुडविग, लुई, लुइस : तीन माणसं, नाव एकच

नमस्कार मंडळी.

भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लुई माउंटबॅटन. गोव्याचे पत्रकार लुइस द मिनेझिस ब्रागांझा. आणि संगीतकार लुडविग फान बीथोव्हेन. या तिघांचं पहिलं नाव एकच आहे. माउंटबॅटन यांच्या घरात तर हा बदल एका पिढीतच झाला. वडील १८५४ साली जन्मले ते लुडविग बाटेनबर्ग म्हणून. ब्रिटिश नौदलात ते लुई झाले आणि १९१७ मध्ये, जर्मनीशी युद्ध चालू असताना, आडनावही माउंटबॅटन झालं. 'बर्ग' म्हणजे डोंगर, म्हणून 'माउंट'.

आता नाव फोडून बघू. जुनं रूप 'ह्लुदविग'. 'ह्लुद' म्हणजे ज्याचं नाव लोकांच्या कानावर गेलंय असा, प्रसिद्ध. 'विग' म्हणजे लढाई.

'ह्लुद' पुन्हा एकदा ऐका. संस्कृतातला 'श्रुत' याचा सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत आणि जर्मन या दोन्हींच्या पूर्वज भाषेत, म्हणजे इंडो-युरोपीयमध्ये, या शब्दाच्या सुरुवातीला 'क'च्या जवळचा एक ध्वनी होता. संस्कृतात त्याचा 'श' झाला, जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्रजी यांच्या कुळात) 'ह'. पुढच्या 'ल'चा संस्कृतात 'र' झाला. आपण 'विश्रुत' म्हणतो, त्यातला 'श्रुत' तो हाच. 'लोथार' हे आणखी एक जर्मन नाव घ्या : ह्लुद अधिक सैन्य. आणि महाभारतात सहदेवाच्या मुलाचं नाव काय? श्रुतसेन! तुकड्याला तुकडा जुळतो. दोन शब्द जोडून नाव घडवायची ही रीतच दोन्हीकडे फार जुनी आहे.

इथे एक चूक सर्रास होते. बाळांच्या नावांच्या याद्यांत लुडविगचा अर्थ 'प्रसिद्ध योद्धा' असा छापतात आणि विषय संपतो. पण या नावांना समासासारखा सरळ अर्थ असेलच असं नाही. आईच्या नावातला एक तुकडा, आजोबांच्या नावातला दुसरा, असंही जोडलं जायचं. 'हेडविग' हे मुलीचं नाव बघा. 'हेड' म्हणजे लढाई आणि 'विग' म्हणजेही लढाई. लढाई-लढाई! म्हणून तुकड्यांचे अर्थ सांगावेत, अख्ख्या नावाचा अर्थ ठोकून देऊ नये.

'ह्लुदविग'मधला सुरुवातीचा तो 'ह' पूर्वी घशातून, खरखरीत निघायचा. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तो 'ख'सारखा टिपला आणि त्यातून ५११ साली वारलेल्या, फ्रँक या जर्मानिक लोकांच्या राजाचं नाव आज आपण 'क्लोव्हिस' असं वाचतो. पुढे 'ह' गळाला. जर्मन तोंडात 'लुडविग' उरलं, फ्रेंचमध्ये मधले व्यंजनही झिजून 'लुई' झालं. म्हणजे क्लोव्हिस आणि फ्रान्सचे सगळे लुई एकाच नावाचे, फक्त क्रमांक लावताना क्लोव्हिसला धरत नाहीत. पहिला लुई म्हणजे फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याचा मुलगा, जन्म ७७८. त्याच्या जुळ्या भावाचं नाव लोथार. शार्लमेनच्या घराण्याने आधीच्या राजवंशाची गादी घेतली होती आणि ही दोन्ही नावं त्या जुन्या वंशातली. नाव ठेवून वारसा सांगायचा, असा तो हिशेब.

फ्रान्सच्या नवव्या लुईला १२९७ मध्ये संतपद मिळालं आणि नाव राजवाड्याबाहेर पसरलं. स्पॅनिश-पोर्तुगीज लुइस, इटालियन लुईजी, हंगेरियन लायोश, पोलिश लुडविक. मुलींसाठी लुईझा, लुईज. गोव्यात हे नाव पोर्तुगीजांबरोबर आलं.

उच्चार. जर्मन माणूस 'लुडविग' म्हणत नाही. प्रमाण उच्चार साधारण 'लूटविश': 'ड' उच्चाराच्या तुकड्याच्या (लुड-विग) शेवटी आला की 'ट' होतो आणि शेवटचा 'ग' मऊ 'श'कडे झुकतो. दक्षिणेत 'लूटविक' ऐकाल. घरगुती रूप 'लुट्स', दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात 'विगर्ल'.

जुन्या चर्चनोंदी चाळणाऱ्यांनी एवढं सांभाळा. लॅटिनमध्ये लुडविग 'लुडोविकस' होतो आणि 'लुडविगचा मुलगा' असं लिहायचं असेल तर 'लुडोविकी'. तो दुसरा माणूस नव्हे, षष्ठीचं रूप आहे. उलट 'अलॉयसियस' दिसला तर त्याला लुडविग समजू नका. संत अलॉयसियस गोन्झागा यांचं इटालियन नाव लुईजीच होतं, पण बव्हेरियात 'आलोईस' (अलॉयसियसचं जर्मन रूप) आणि 'लुडविग' ही वेगळी नावं म्हणून चालतात. एकाच घरात दोन भाऊ या दोन नावांचे असू शकतात.

आता लोकप्रियता. बव्हेरियाला लुडविग नावाचे तीन राजे झाले. पहिल्याच्या १८१० मधल्या लग्नातून ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला, दुसऱ्याने नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बांधला, तिसऱ्याची गादी १९१८ मध्ये गेली. एकोणिसाव्या शतकात हे नाव तिथे घरोघरी होतं. आज जर्मन आईबाप त्याच नावाची फ्रेंच आणि स्पॅनिश रूपं, लुई आणि लुइस, जास्त ठेवतात. आखूड, हाक मारायला सोपी. म्हणून आकडे बघताना दोन गोष्टी तपासा. लुई-लुइसची स्पेलिंगं यादीने एकत्र मोजली आहेत की सुटी? आणि फक्त पहिलं नाव धरलंय की पुढचीही? जर्मनीत एका मुलाला दोन-तीन नावं असतात, आणि आजोबांचा लुडविग बहुतेक वेळा दुसऱ्या जागेवर सापडतो.