पावसाच्या नावाचं चलन, हिऱ्यांवरचा देश

मंडळी, ज्या देशाने आपल्या चलनाचं नावच ‘पाऊस’ ठेवलं, त्याच्याबद्दल मी आज बोलणार आहे. बोत्सवाना. तिथल्या सेत्स्वाना भाषेत ‘पुला’ म्हणजे पाऊस. 1976 साली दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून त्यांनी स्वतःचं चलन आणलं, ते या नावाने. माण-खटावच्या माणसाला यामागचं कारण समजावून सांगावं लागणार नाही.

1966 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे डांबरी रस्ता होता जेमतेम 12 किलोमीटर. पदवीधर होते 22. वर दुष्काळ चालू होता. आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले.

इथे मला थोडं थांबायचं आहे. ओरापा येतं बामांग्वातो जमातीच्या मुलखात, आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. हिरे आमच्या जमातीचे, असं ते म्हणाले असते तर त्यांना अडवणारं फारसं कुणी नव्हतं. पण त्याच 1967 साली कायदा झाला आणि जमिनीखालच्या खनिजांचा हक्क जमातींकडून देशाकडे आला. म्हणजे सगळ्यात जास्त सोडलं ते खामांच्या स्वतःच्या माणसांनी. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मात्र तिथले हिरे पुढे यादवी युद्धाला दारूगोळा पुरवत राहिले. नेतृत्व म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी भाषणं दाखवत नाही, हा कायदा दाखवतो.

खाणीत सरकारचा वाटा आधी 15 टक्के होता. 1975 साली खामा आणि अर्थखातं सांभाळणारे क्वेट मसिरे यांनी खाण चालवणाऱ्या डी बिअर्स या हिरे कंपनीशी पुन्हा बोलणी करून तो निम्म्यावर नेला. त्या पैशातून रस्ते झाले, शाळा झाल्या, दवाखाने झाले.

ज्वानेंगच्या खाणीची गोष्ट तर मला फार आवडते. तिथे हिऱ्याचा खडक कालाहारीच्या वाळूखाली खोल गाडलेला. वाळवी ओलाव्याच्या शोधात खाली उतरते आणि येताना तिथले बारीक कण वर आणून वारूळ बांधते. भूगर्भशास्त्रज्ञांनी वरची माती चाळली, खाली हिऱ्याचा खडक असल्याच्या खुणेचे कण मिळाले, आणि 1982 साली जगातल्या सर्वांत मौल्यवान हिरेखाणींपैकी एक सुरू झाली.

पण कारखाने? तिथे घोडं अडलं. समुद्र नाही, लोकसंख्या आजही पंचवीस लाखांच्या आसपास, आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेशी जकात संघ, त्यामुळे तिथला तयार माल बिनजकात येतो. राजधानी गॅबरोनीत ह्युंदाई मोटारींची जोडणी होत होती, तो कारखाना 2000 साली बंद पडला. 2013 साली कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गॅबरोनीत आली, पैलू पाडणारे कारखानेही आले, त्यांतले बरेच भारतीयांचे. तरी जगातले बहुतेक हिरे घासले जातात सुरतेत, आणि त्यांचा मोठा व्यवहार होतो इथे, मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. दगड त्यांचा, पण त्याला चमक आणण्याची मजुरी आणि त्यावरचा नफा बराचसा आपल्याकडे. हे सांगताना मला अभिमानही वाटतो आणि अस्वस्थही व्हायला होतं.

आता तर त्याच सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे तयार होऊ लागले. नैसर्गिक हिऱ्याचे भाव पडले, आणि 2024 साली बोत्सवानाची अर्थव्यवस्था चक्क आकुंचन पावली. माझं स्पष्ट मत आहे की खामा-मसिरेंच्या पिढीने पैसा चोख राखला, पण त्यानंतरच्यांनी हिऱ्यांशिवाय पोट भरेल असं काही उभं केलं नाही. खाण यंत्रांवर चालते, तिला माणसं थोडीच लागतात. शिकून बाहेर पडलेला पोरगा मग सरकारी नोकरीची वाट बघत बसतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्या पोरांनी मत दिलं. 58 वर्षं सत्तेवर असलेला पक्ष हरला. राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी मतमोजणी पूर्ण होण्याआधीच पराभव मान्य केला आणि डुमा बोको यांच्या हाती कारभार दिला. तिजोरी मात्र तोवर बरीच रिकामी झाली होती.