एका एक्सचं दुप्पट काम

[दृश्य: काचेची बाटली, कापसाचं बूच, तळाशी पिवळसर खाद्य. आत माश्या फिरताहेत.]

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर. प्रयोगशाळेतल्या फळमाशीचा हा रोजचा स्वयंपाक. बूच काढलं की आंबूस वास येतो, काळ्या पडलेल्या केळ्यांना येतो तसाच. त्या केळ्यांभोवती जी चिलटं घोंघावतात, त्यांतलीच ही एक: ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. आंब्यात अंडी घालून बागायतदारांच्या डोक्याला ताप देणारी फळमाशी वेगळी. तिचा आजच्या गोष्टीशी संबंध नाही.

या बाटलीत मात्र काहीतरी खटकतं. भिंगाखाली धरून बघा. नराच्या पोटाचं टोक काळंभोर असतं. इथे तसं टोक एकाही माशीला नाही. सगळ्या लेकीच. अंडी घातली तेव्हा त्यांत निम्मे मुलगे होते. कोषातून बाहेर पडायच्या आतच ते मेले.

कसे मेले, ते कळायला आधी एक हिशोब मांडावा लागेल.

मादीकडे एक्स गुणसूत्रं दोन. नराकडे एक एक्स आणि एक वाय. वायवर जनुकं अगदी मोजकी, एक्सवर मात्र सुमारे 2,200. आणि ती काही फक्त नर-मादीपणाची जनुकं नव्हेत. डोळ्याचा रंग, पंखाच्या शिरा, पेशीचं रोजचं रहाटगाडगं, सगळं त्यात आलं. बाकीची गुणसूत्रं दोघांकडेही जोडीनेच असतात. म्हणजे नराच्या पेशीत इतर सगळा माल दुहेरी येणार आणि एक्सवरचा तेवढा एकेरी. एखाददुसऱ्या जनुकाचं असं झालं तर माशी निभावून नेते. दोन हजारांचं एकदम झालं तर नाही.

[दृश्य: माशीच्या डोळ्यांचे मोठे केलेले फोटो. विटकरी लाल, पांढरा, फिकट केशरी.]

या हिशोबाकडे पहिल्यांदा नीट बघितलं हर्मन मुलर यांनी. त्यांचे गुरू थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला होता, आणि ते जनुक एक्सवर असल्याचं ठरलं होतं. मुलर यांनी त्याच जनुकाचा एक अर्धवट बिघडलेला अवतार घेतला. तो डोळ्याला जर्दाळूसारखा रंग देतो. पुरता लालही नाही, पांढराही नाही. रंग थोडाच तयार होतो, त्यामुळे जनुकाची मात्रा कमी-जास्त झाली की फरक डोळ्यांनी दिसतो.

दोन मात्रा असलेल्या मादीचा डोळा गडद जर्दाळू. एका मात्रेची मादी बनवली तर डोळा फिकट. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. नराकडे तर मात्रा एकच, म्हणजे त्याचाही डोळा फिकटच हवा. पण तो निघाला दोन मात्रांच्या मादीइतकाच गडद!

1932 मध्ये मुलर यांनी हे मांडलं आणि त्याला नाव दिलं डोसेज कॉम्पेन्सेशन. आपण मात्रा-भरपाई म्हणू. सूक्ष्मदर्शकात गुणसूत्राला हातही न लावता, निव्वळ डोळ्यांच्या रंगाची तुलना करून काढलेला हा निष्कर्ष. मला तरी आजवरच्या सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा हा जर्दाळू रंग जास्त आवडतो.

पण भरपाई करतं कोण? मादी आपला एखादा एक्स दाबून ठेवते, की नर आपला एकुलता एक दामटतो? 1961 मध्ये मेरी लायन यांनी उंदराच्या मादीत एक एक्स बंद असतो हे सुचवलं. माशीही तेच करत असेल, असं वाटणं साहजिक होतं.

[दृश्य: दोन सुया, काचपट्टी, खाऱ्या पाण्याचा थेंब. त्यात पांढुरकी अळी वळवळते आहे.]

आता हात स्थिर ठेवायचा. एका सुईने अळीचं अंग दाबून धरायचं, दुसरीने काळा जबडा पकडून अलगद ओढायचं. डोक्यामागोमाग काचेसारख्या पारदर्शक दोन पिशव्या बाहेर येतात. या लाळग्रंथी. बाजूची चरबी सोडवायची, अॅसिटिक आम्लातला रंग घालायचा, वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने दाबायचं. काच सरकली की मेहनत वाया. व्हिनेगरचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो.

या ग्रंथीतली गुणसूत्रं राक्षसी आकाराची असतात. पेशी न विभागता डीएनएच्या प्रती काढत जाते आणि हजारभर धागे एकमेकांना चिकटून जाडजूड पट्टेदार दोरखंड होतो. नराच्या पेशीत एक दोरखंड वेगळा ओळखू येतो. फिकट, फुगलेला, सैल विणीचा. तोच एक्स. त्यात द्रव्य निम्मं, पण रुंदी मादीच्या जोडलेल्या दोन एक्सइतकी.

1965 मध्ये ए. एस. मुखर्जी आणि जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग बीरमान यांनी या ग्रंथींना किरणोत्सारी युरिडिन दिलं. जनुक कामाला लागलं की त्याच्या संदेशाची प्रत, म्हणजे आरएनए, बनते, आणि त्यात युरिडिन जातं. काचपट्टीवर फोटोग्राफीचा लेप लावून ती अंधारात ठेवली, की जिथे आरएनए बनला तिथे चांदीचे काळे कण उमटतात. ते कण मोजले. नराच्या एका एक्सवर मादीच्या दोन एक्सच्या तोडीचे कण होते. म्हणजे मादी काही दाबत नव्हती. नराचा एक्सच दुप्पट राबत होता.

पुढे कोलकाता विद्यापीठात मुखर्जी आणि त्यांचे विद्यार्थी सुभाषचंद्र लाखोटिया यांनी 1969 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच ग्रंथीत काही पेशी दोन एक्सच्या, काही एकाच एक्सच्या, अशा मिश्र अळ्या त्यांनी तपासल्या. एका एक्सच्या पेशीत तो एक्स जोरात चालत होता, शेजारच्या पेशीत काहीही असो. प्रत्येक पेशी आपला हिशोब आपणच करते.

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर निळी गुणसूत्रं. त्यांतलं एकच लालभडक चमकतं आहे.]

हा लाल रंग म्हणजे राबवून घेणाऱ्यांचा जथा. पाच प्रथिनं आणि रॉक्स नावाचे दोन आरएनए. ते नराच्या एक्सवर जागोजागी ठाण मांडतात. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जथ्यातलं मॉफ हे प्रथिन त्यांपैकी हिस्टोन एच-4 वर एक छोटी रासायनिक खूण चिकटवतं. डीएनएची घट्ट गुंडाळी तिथे सैल पडते आणि आरएनए जास्त निघतो. दोरखंडाची ती सैल वीण याच कामाची.

मादीत हा जथा जमत नाही, कारण त्यातला एक गडी येतच नाही. पेशीत दोन एक्स असले की सुरुवातीलाच सेक्स-लीथल हे जनुक चालू होतं, आणि त्याचं प्रथिन एमएसएल-2 या गड्याच्या आरएनएला धरून ठेवतं. संदेश लिहिला जातो, पण त्याचं प्रथिन बनू दिलं जात नाही.

आता आपल्या बाटलीकडे परत या. तिच्यातल्या वाणात या पाचांपैकी एकाचं जनुक मोडलेलं आहे. लेकींना त्याची गरजच नव्हती. मुलग्यांचा एक्स निम्म्यावर राहिला आणि ते गेले. माशीवाल्यांनी अशा जनुकांना नावंही सरळसोट दिली आहेत: मेल-स्पेसिफिक लीथल, म्हणजे फक्त नरांना घातक, आणि मेललेस, म्हणजे नर नसलेलं. बारसं करताना आडपडदा नाही.

[दृश्य: दुसरी बाटली. हिच्यातही नर नाहीत.]

ही दुसरी बाटली मात्र जनुकाने ठीकठाक आहे. इथला मारेकरी बाहेरचा. स्पायरोप्लाझ्मा नावाचा जिवाणू आईच्या रक्तद्रवात राहतो आणि अंड्यातून पिलांत जातो. मुलगा त्याच्या कामाचा नाही, वारसा फक्त लेकी पुढे नेतात. म्हणून तो मुलग्यांना भ्रूण असतानाच संपवतो. नर तो कसा ओळखतो? एक्सवर बसलेल्या त्याच जथ्यावरून. तोशियुकी हारुमोतो आणि ब्रुनो लेमेत्र यांनी 2018 मध्ये त्याचं हत्यार शोधलं, स्पेड नावाचं प्रथिन. माशीने मुलगे जगवायला जी व्यवस्था उभी केली, तिचाच पत्ता धरून शत्रू घरात शिरतो.

[दृश्य: मक्याचं खोड उभं चिरलेलं, आत अळीचा बोगदा.]

पतंगांत सगळंच उलटं. तिथे नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. रेशीमकिड्यात भरपाईही उलट्या दिशेने होते. नराच्या झेडवरचं काम खाली आणलं जातं, आणि त्यासाठी मॅस्क्युलिनायझर हे जनुक लागतं. मादीच्या डब्ल्यूवरून निघणारा एक इवलासा आरएनए त्याचा संदेश कापून टाकतो. टोकियो विद्यापीठातल्या गटाने हे 2014 मध्ये दाखवलं.

आणि मक्याचं खोड पोखरणाऱ्या ऑस्ट्रिनिया पतंगात वोल्बाकिया हा अगदी वेगळ्या कुळातला जिवाणू नेमकं तेच मॅस्क्युलिनायझर निकामी करतो. नराचे दोन्ही झेड मोकाट सुटतात. पहिल्या बाटलीतले मुलगे जनुकं कमी चालली म्हणून मेले होते, हे जास्त चालल्याने मरतात. मादीने पानाच्या खालच्या बाजूला घातलेल्या अंड्यांच्या पुंजक्यातून शेवटी लेकीच तेवढ्या खोडात शिरतात.