नव्याचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो.

प्रागमधल्या जुन्या इमारतींच्या दाराशी घंटांची एक पाटी असते. एकेका बटणासमोर एकेका बिऱ्हाडाचं आडनाव. अशा चार-सहा पाट्या वाचल्या, की एक नाव बहुतेक भेटतंच. नोव्हाक. कधी त्याच्या शेजारी नोव्हाकोव्हा, कधी सगळ्या कुटुंबाचं मिळून नोव्हाकोव्ही. चेक प्रजासत्ताकातलं हे सगळ्यात जास्त घरांतलं आडनाव. तिथून उत्तरेला पोलंडमध्ये गेलात, तरी पहिला क्रमांक ह्याच आडनावाचा. दक्षिणेला आल्प्सच्या कुशीतल्या छोट्या स्लोव्हेनियात उतरलात, तर तिथेही तेच. तीन देश, तीन भाषा, आणि तिन्हींत सगळ्यात जास्त माणसं एकच आडनाव लावतात. आजची पंधरा मिनिटं मला ह्या आडनावासाठी हवी आहेत.

आधी नुसता उच्चार ऐका. नोव्हाक. त्यातला ‘नोव्ह’ आपल्या कानाला परका नाही. संस्कृतातला ‘नव’, आपला ‘नवा’, पारशी बांधवांच्या नवरोजमधला ‘नौ’, लॅटिनमधला ‘नोवुस’ आणि स्लाव्ह भाषांमधला ‘नोव्ह’ ही एकाच आजीची नातवंडं. हजारो वर्षांपूर्वी ज्या भाषेतून ह्या सगळ्या भाषा फुटल्या, तिच्यातला हा शब्द. शेवटचा ‘आक’ हा प्रत्यय माणूस घडवतो. पोलिश भाषेत ‘रिबा’ म्हणजे मासा आणि ‘रिबाक’ म्हणजे कोळी. तसा नोव्हाक म्हणजे नवा माणूस. गावात नव्याने आलेला. चेक भाषेत आजही खेळाच्या संघात नव्याने घेतलेल्या खेळाडूला ‘नोव्हाचेक’ म्हणतात, आपण ‘नवखा’ म्हणतो तसं.

आता ह्या नावाची खरी गोम सांगते. कुणीही माणूस स्वतःला ‘नवा’ म्हणवून घेत नाही. त्याला आपलं नाव असतं, आई-वडील असतात, सोडून आलेलं गाव असतं. त्याला नवा म्हणतात ते आधीपासून तिथे असलेले. वेशीबाहेरून बैलगाडी येते, तिच्यात बायको-पोरं, चार भांडी, आणि पारावरचा कुणीतरी विचारतो, हा कोण? दुसरा सांगतो, तो नवा. झालं. पुढच्या पिढीत त्याचा मुलगा त्याच गावात जन्मतो, तिथलीच माती तुडवतो, पण तोही ‘नव्याचा’. मग नातू. मग एक दिवस पाद्री नोंदवही उघडतो आणि तोंडी चाललेलं ते नाव शाईने लिहितो. मला हे आडनाव जवळचं वाटतं ते ह्यामुळे. त्यात बोलावणाऱ्याचा आवाज अडकून राहिला आहे.

आपल्याकडेही मराठेशाहीतल्या गावात हा भेद होता. जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदार हे आडनाव आपल्या ओळखीचं आहे. स्लाव्ह मुलखात मात्र आडनावाचा मान मिळाला तो उपऱ्याला.

नोंदवहीचा उल्लेख केला, तर तिथे थोडं थांबू या. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चची जी मोठी परिषद ट्रेंट इथे भरली, ती १५६३ साली संपली. तिच्यानंतर गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवण्याची पद्धत पक्की होत गेली. पण म्हणून आडनावं लगेच स्थिर झाली असं नाही. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागात, नाव पुष्कळदा माणसापेक्षा घराला चिकटलेलं असे. एखाद्या शेतवाडीचं नाव नोव्हाकाची वाडी. तिथला धनी वारला, विधवेने दुसरं लग्न केलं, तर नवा नवरा तिच्या घरी येऊन नोव्हाक व्हायचा. त्याचं मूळ आडनाव काहीही असो. त्याची मुलंही नोव्हाक. नोंदवहीत मग दोन-दोन नावं ‘उर्फ’ लावून लिहिलेली सापडतात, आणि आपल्या पूर्वजांचा शोध घेणारे तिथे तासन्‌तास अडकून पडतात. स्लोव्हेनियाच्या खेड्यांमध्ये घराचं नाव वेगळं आणि कागदावरचं आडनाव वेगळं, ही रीत अजूनही जिवंत आहे. शेजारी माणसाला घराच्या नावाने हाक मारतात, पोस्टमन आडनावाने.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळे नोव्हाक एका पूर्वजाचे वंशज नाहीत. शेकडो गावांत शेकडो वेळा हे नाव स्वतंत्रपणे जन्माला आलं. जिथे कुणी नवा आला, तिथे एक नोव्हाक.

आणि नवे येण्याचे प्रसंग त्या मुलखाने फार पाहिले. हे नाव मध्ययुगापासूनचं, पण सतराव्या शतकाने त्याला बरीच भर घातली असणार. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर कॅथलिक सम्राटाच्या सैन्याने चेक प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव केला. तीस वर्षांचं युद्ध १६१८ ते १६४८ असं चाललं, सैन्यं पुन्हा पुन्हा त्याच शेतांवरून गेली, मागोमाग प्लेग आला, आणि धर्म न बदलणारी कुटुंबं देश सोडून निघून गेली. बोहेमियातली सुमारे एक तृतीयांश वस्ती नाहीशी झाली असा अंदाज आहे. १६५४ साली सगळ्या राज्याचं करपत्रक तयार झालं, त्यात गावागावातल्या ओस पडलेल्या शेतवाड्या लिहिलेल्या आहेत. धनी नाही, जनावर नाही, कर नाही. जमीनदाराला कसणारा हात हवा होता. दुसऱ्या गावचा, कधी दुसऱ्या मुलखाचा माणूस त्या मोकळ्या घरात येऊन राहिला. त्याने चूल पेटवली, पडीक नांगरली. त्याला गावाने काय म्हटलं असेल, हे आता मी सांगायला नको.

पुढे १७८० च्या दशकात व्हिएन्नातून बोहेमियावर राज्य करणारा सम्राट दुसरा जोसेफ याने दोन मोठी कामं केली. १७८१ साली शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणारी बंधनं तोडली. त्याआधी जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, लग्नसुद्धा करता येत नसे. आणि त्याच दशकात आडनाव कायमचं, बापाकडून मुलाकडे जाणारं ठरवलं. त्याला सैन्यभरतीच्या आणि कराच्या याद्या नीट हव्या होत्या. आता गंमत अशी, की त्या क्षणी जो ‘नवा’ होता तो कायमचा नवा राहिला. कागदाने काळ गोठवला.

आकडे सांगते. पोलंडमध्ये सुमारे दोन लाख माणसांचं आडनाव नोव्हाक आहे. चेक प्रजासत्ताकात पुरुष आणि स्त्रिया मिळून जवळपास ७० हजार. स्लोव्हेनियात साधारण ११ हजार. हे आकडे त्या त्या देशाच्या लोकसंख्येशी ताडून पाहिले, तर तिन्हीकडे दर दीडशे ते दोनशे माणसांमागे एक नोव्हाक पडतो.

पोलंडमध्ये हे नाव सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. पश्चिमेला पोझनानच्या आसपासचा प्रदेश, दक्षिणेला क्राकूव आणि सायलेशिया, इथे ते दाट. ईशान्येला, बेलारूसच्या सीमेकडे, ते विरळ होत जातं. त्याचं एक कारण व्याकरणातच आहे. पोझनानकडच्या आडनावांना ‘आक’ हा प्रत्यय फार प्रिय, तर पूर्वेकडच्या नावांना ‘युक’ आणि ‘चुक’. नवा माणूस पूर्वेलाही येत होताच, तिथे त्याची नावं नोव्हिक, नोव्हित्स्की अशी झाली. चेक मुलखातही नोव्हाकचा सख्खा भाऊ आहे, नोव्होत्नी. अर्थ तोच, आणि तोही पहिल्या तीन-चार आडनावांतला. विम्बल्डन जिंकणारी याना नोव्होत्ना तुम्हाला आठवत असेल, १९९८ सालची. तेच आडनाव, स्त्रीरूपात. पण मार्टिना नवरातिलोव्हाच्या नावातला ‘नव’ मात्र ऐकून फसू नका. तो शब्द ‘ना-व्रातिल’ असा फोडायचा, आणि त्याचा अर्थ ‘परतला’. आपल्या ‘परावर्तन’मधला ‘वर्त’ आणि हा ‘व्रात’ एकाच धातूचे. चेक लोकांत अशी भूतकाळी क्रियापदांची आडनावं पुष्कळ आहेत. पोस्पिशिल म्हणजे ‘घाई केली’, विस्कोचिल म्हणजे ‘उडी मारून बाहेर आला’. गावाने माणसाची एखादी कृती पाहिली आणि तिलाच नाव केलं.

स्त्रियांच्या नावाबद्दलही बोलायला हवं. चेक भाषेतला ‘ओव्हा’ हा प्रत्यय मुळात मालकी दाखवणारा. नोव्हाकोव्हा म्हणजे नोव्हाकची, नव्याची. जुन्या पोलिश रिवाजात तर बायको नोव्हाकोव्हा आणि मुलगी नोव्हाकुव्ना, म्हणजे नाव ऐकूनच बाई कुणाची कोण ते कळायचं. आता पोलंडमध्ये स्त्री-पुरुष दोघेही नुसते नोव्हाक. चेक देशात १ जानेवारी २०२२ पासून कोणतीही स्त्री ‘ओव्हा’ न लावता आडनाव घेऊ शकते. मला त्या पहिल्या बायका आठवतात, ज्या त्याच गावात जन्मल्या असतील, ज्यांच्या पणज्या तिथल्याच मातीत पुरलेल्या असतील, आणि बाहेरून आलेल्या माणसाशी लग्न करून ज्या आपल्याच गावात ‘नव्याची’ झाल्या.

जर्मनीत ह्या नावाची एक वेगळीच कहाणी आहे. पूर्व जर्मनीत, कोटबुस आणि बाउत्सेनच्या आसपास, सोर्ब नावाची एक छोटी स्लाव्ह जमात राहते. हजार वर्षांहून अधिक काळ ती तिथे आहे, जर्मन मागाहून येऊन चहूकडे वसले. त्यांच्यातल्या नोव्हाकांचं नाव जर्मन तोंडात झिजून ‘नोआक’ झालं. आज कोटबुसकडे नोआक पुष्कळ भेटतात. सगळ्यात जुने रहिवासी, आणि नाव ‘नवा’. तिकडे पश्चिमेला रूर खोऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, कोळशाच्या खाणींसाठी पोलिश मजूर लाखोंनी आले, त्यांच्याबरोबर नोव्हाक बोखुम आणि डोर्टमुंडला पोचले. व्हिएन्नात चेक वीटभट्टी कामगार, शिंपी, स्वयंपाकिणी गेल्या, आणि तिथेही नोव्हाक आडनाव सर्रास झालं. अमेरिकेत शिकागो, क्लीव्हलंड, नेब्रास्काची शेतं. अभिनेत्री किम नोव्हाक शिकागोचीच, चेक वंशाची. काहींनी तिथे आपलं नाव भाषांतर करून न्यूमन केलं. लोक सांगतात की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचे कारकून नावं बदलून टाकत. तसं घडत नव्हतं. प्रवाशांच्या याद्या युरोपातल्या बंदरांवरच लिहिल्या जात, बेटावर त्या ताडून पाहत. नावं बदलली ती बहुतेक त्या माणसांनीच, पुढे, नोकरी-शाळा-शेजार पाहून.

सर्बियात नोव्हाक हे पहिलं नाव. नोव्हाक जोकोविचमुळे ते आता घराघरांत माहीत आहे. तिथल्या लोकगीतांत एक म्हातारा लढवय्या आहे, स्तारिना नोव्हाक. तुर्की सत्तेशी लढलेला हा खराखुरा माणूस, आजच्या रोमानियातल्या वॉलेकियाच्या मिहाई राजाचा सरदार, १६०१ साली क्लुज शहरात त्याला हालहाल करून मारलं. ‘स्तारिना’ म्हणजे म्हातारबा. म्हातारा नवा, असं त्याचं नाव गाणी आजवर गात आली आहेत.

शेवटी एका माणसाबद्दल सांगायचं आहे, कारण तो माझ्यासारखाच माइकसमोर बसणारा होता. झ्जिस्वाव येझिओरान्स्की. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातल्या भूमिगत सैन्याचा तो निरोप्या. जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधून लंडनपर्यंत बातम्या आणि कागद पोचवणारा. पकडला गेलो तर कुणाच्या लक्षातही येऊ नये, असं नाव त्याला हवं होतं. त्याने घेतलं यान नोव्हाक. देशातलं सगळ्यात साधं नाव, गर्दीत विरघळून जाणारं. १९४४ च्या जुलैमध्ये, वॉर्साचा उठाव सुरू होण्याच्या काही दिवस आधी, तो लंडनहून पोचलेला शेवटचा निरोप्या. उठावात ‘ब्विस्कावित्सा’ म्हणजे ‘वीज’ नावाच्या रेडिओ केंद्रावरून त्याने इंग्रजीतून जगाला हाका मारल्या.

युद्ध संपलं, पण पोलंडमध्ये साम्यवादी राजवट आली आणि त्याला मायदेशी परतता आलं नाही. म्युनिकमधून ३ मे १९५२ रोजी रेडिओ फ्री युरोपचं, म्हणजे साम्यवादी देशांतल्या लोकांसाठी अमेरिकेने चालवलेल्या रेडिओचं, पोलिश केंद्र सुरू झालं, आणि १९७६ पर्यंत त्याचा प्रमुख होता यान नोव्हाक. सरकार ते प्रक्षेपण बुजवण्यासाठी खरखर सोडायचं, आणि लोक रात्री आवाज बारीक करून, कान लावून ऐकायचे. साम्यवादी राजवट गेल्यानंतर, २००२ साली तो वॉर्सात कायमचा राहायला आला. खरं नाव सांगायला आता कसलीच अडचण नव्हती. तरी त्याने दोन्ही नावं ठेवली होती, यान नोव्हाक-येझिओरान्स्की, आणि त्यात नोव्हाक आधी. २००५ च्या जानेवारीत तो गेला तोपर्यंत वॉर्सात त्याला सगळे ओळखत होते, आणि ते ह्याच नावाने.

नमस्कार.