यंत्राचं मागणं

नमस्कार श्रोतेहो. 'कार्टून म्हणजे पोरांचं' म्हणून आपण जे चित्रपट बाजूला सारतो, त्यांतल्या एकाबद्दल आज बोलायचं आहे. जपानी दिग्दर्शक मामोरू ओशी यांचा 'घोस्ट इन द शेल', साल १९९५.

नायिका मेजर मोतोको कुसानागी. मेंदूचा थोडा भाग सोडला तर तिचं शरीर कारखान्यात घडवलेलं. तरी ती समुद्रात बुडी मारायला जाते. तरंगायची साधनं बिघडली तर हे जड शरीर थेट तळाला जाईल, हे तिला ठाऊक आहे. पाण्याखाली काय वाटतं, असं सोबती विचारतो. भीती, काळजी, एकटेपणा, अंधार, ती सांगते. आणि कदाचित आशासुद्धा. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांचं पोट दर्यावर आहे, त्यांना हे उत्तर समजावून सांगायला नको.

मग येतो पपेट मास्टर. हेरगिरीसाठी बनवलेला प्रोग्राम, पण माहितीच्या जाळ्यात फिरता फिरता त्याला स्वतःची जाणीव झाली. मी जीव आहे, मला आश्रय द्या, असं तो ठणकावून सांगतो. त्याला हवं काय? सत्ता नव्हे. त्याला संतती हवी आहे, आणि मरण. स्वतःच्या हव्या तेवढ्या नकला तो काढू शकतो. पण नक्कल ती नक्कलच, एकच व्हायरस सगळ्यांना संपवू शकतो, हे त्याला कळलंय. आपले बागायतदार हे लगेच ओळखतील. हापूसचं कलम बांधलं की झाड मूळ झाडासारखंच निघतं. कोयीतून आलेल्या रायवळाची चव मात्र फळ धरेपर्यंत कुणी सांगू नये. या प्रोग्रामला रायवळ व्हायचंय, आणि त्यासाठी आपलं आहे ते रूप गमवायची त्याची तयारी आहे.

इच्छा माणसाला खाली ओढते, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. इथे तीच इच्छा एका यंत्राला माणसाजवळ आणते, आणि मला ते मनापासून पटतं. हिशेब यंत्र आपल्याहून चांगला करतं. पण आपल्यानंतर येणाऱ्यासाठी जागा करून द्यावी, असं त्याला कुठे वाटतं?

'वॉल-ई' (२००८) मधला कचरा गोळा करणारा रोबोट तर शतकानुशतकं एकटा आहे. त्याला फक्त कुणाचा तरी हात हातात घ्यायचाय. उलट त्यातली माणसं अंतराळयानात खुर्च्यांवर बसून आहेत, सगळं आयतं, मागायचं काही उरलंच नाही. त्यांचा कप्तान जागा होतो तो पृथ्वीची माती पाहून. समुद्र म्हणजे काय, नाच म्हणजे काय, असं तो रात्री संगणकाला विचारत सुटतो.

'वॉल-ई' नातवंडांना घेऊन बघा. 'घोस्ट इन द शेल'मध्ये हिंसा आणि नग्नता आहे, तो मोठ्यांनीच बघावा. समुद्राचा तो प्रसंग आला की मात्र मध्येच उठू नका.