वाहत्या नोंदींची रोजकीर्द

(दृश्य: पेढीवरची लाल कापडी बांधणीची वही)

पेढीवर रोजकीर्द लिहितात. जमा असो की नावे, व्यवहार झाला तशी ओळीखाली ओळ. मागचं खोडायचं नाही. खतावणी करणारा त्याच वहीतून उतरवून घेतो, तपासनीस तीच वही तपासतो. लिहिणारा त्यांच्यासाठी थांबत नाही.

२०१० च्या सुमारास लिंक्डइनकडे अशी वही नव्हती. कुणी कुठलं पान पाहिलं, काय शोधलं, कुठल्या सर्व्हरवर ताण आला, ही माहिती अनेक यंत्रणांना हवी असायची आणि जवळपास प्रत्येक जोडीसाठी वेगळी पाइपलाइन टाकावी लागायची. पाच ठिकाणची माहिती सहा ठिकाणी न्यायची, तर तीस जोडण्या. सातवं ठिकाण आलं, की आणखी पाच.

जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात वाढलेल्या, तिथेच इंजिनिअर झालेल्या नेहा नारखेडे यांनी मधोमध एक रोजकीर्दच मांडली. तिचं नाव काफ्का. २०११ मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला. आता प्रत्येक यंत्रणेची जोडणी फक्त या वहीशी. तीसच्या जागी अकरा.

(दृश्य: एकाच वहीवर वेगवेगळ्या ओळींवर टेकलेली बोटं)

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की काफ्का वाचणाऱ्याच्या मागे लागत नाही. नोंदी डिस्कवर राहतात, एरवी सात दिवस, हवं तर जास्त. कुठवर वाचून झालं त्याचा आकडा, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक वाचकाचा वेगळा. एखादा प्रोग्राम रात्री बंद पडला, तर सकाळी तिथूनच पुढे वाचतो. आज लिहिलेल्या प्रोग्रामलाही परवाच्या नोंदी मिळतात.

वही वाढली, की तिचे भाग, म्हणजे पार्टिशन, अनेक यंत्रांवर वाटतात. क्रम मात्र एका पार्टिशनपुरताच पाळला जातो. म्हणून एका खात्याच्या सगळ्या नोंदी एकाच भागात जातील, हे पाहावंच लागतं. नाहीतर पैसे भरण्याआधीच काढलेले दिसतील.

नोंदी साठल्या, पण त्यांवर हिशेब करणारी इंजिनं अनेक: स्टॉर्म, सॅम्झा, स्पार्क, बर्लिनच्या विद्यापीठांतल्या संशोधनातून आलेलं फ्लिंक. एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. २०१६ मध्ये गूगलनं डेटाफ्लो या आपल्या हिशेब करणाऱ्या सेवेची प्रोग्रामिंग पद्धत अपाचे फाउंडेशनकडे, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे, सोपवली आणि त्यातून बीम उभं राहिलं. काय मोजायचं, कुठल्या कालखंडाचं, निकाल कधी द्यायचा, उशिरा आलेल्या नोंदीनं तो कसा सुधारायचा, एवढं प्रोग्राममध्ये लिहायचं. इंजिन नंतर निवडता येतं. प्रोग्रामची भाषाही इंजिनाहून वेगळी चालते: पायथनचा कोड आपल्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याला लागणारं सगळं सोबत असलेल्या बंदिस्त कप्प्यात, चालतो आणि जावा भाषेतलं इंजिन ठरलेल्या प्रोटोकॉलनं, म्हणजे देवाणघेवाणीच्या नियमांनी, त्याच्याशी बोलतं.

अर्थात सगळी इंजिनं सगळंच करत नाहीत. कुठलं काय करतं, याचा तक्ता बीमनं स्वतःच प्रसिद्ध केला आहे. इंजिन बदलायचं, तर आधी तो तक्ता उघडायचा आणि आपल्याला लागणारी प्रत्येक ओळ तपासायची.